पहिलीच्या वाचनात आशयाला जागा हवी

पहिलीच्या वर्गाकडून आज सर्वांची एकच मोठी अपेक्षा आहे : मूल वाचू लागले पाहिजे. ही अपेक्षा रास्त आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान यांना अग्रक्रम दिला. जुलै २०२१मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले आणि तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मूल समजून वाचू लागावे, हे उद्दिष्ट २०२६-२७पर्यंत गाठायचे ठरले. यामागची निकड ‘असर’च्या ग्रामीण पाहण्यांतून दिसते. देशभरातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८मध्ये २७.३ टक्के होती. कोविडच्या काळात शाळा बंद राहिल्यानंतर २०२२मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर आले आणि २०२४मध्ये २७.१ टक्क्यांपर्यंत सावरले. म्हणजे बऱ्या वर्षीही चार मुलांमागे जेमतेम एक. असे आकडे समोर असताना शाळेने बाकी सारे बाजूला ठेवून मुळाक्षरे, काना-मात्रा आणि बाराखडी यांवरच दिवस खर्च करावा असे वाटणे स्वाभाविक आहे. पण या निष्कर्षात एक गंभीर चूक आहे, असे मला वाटते. मुलाला खरोखर वाचक करायचे असेल तर पहिल्या वर्षापासूनच त्याच्या रोजच्या शिकण्यात निसर्गाविषयी आणि समाजाविषयी भरीव आशय असला पाहिजे. अक्षरांचे शिक्षण कमी करून नव्हे, तर त्याच्या जोडीला.

वाचन म्हणजे काय, या प्रश्नापासून सुरुवात करू. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६मध्ये मांडलेल्या साध्या सूत्रानुसार वाचनाचे आकलन हा दोन क्षमतांचा गुणाकार आहे : छापील खुणा उलगडता येणे आणि तोच मजकूर कानांवर पडला तर तो समजणे. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे, हे महत्त्वाचे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असो, उत्तर शून्यच येते. अक्षरे न ओळखणारे मूल वाचू शकत नाही हे उघड आहे. पण अक्षरे घडाघडा उच्चारूनही ज्याला ‘पाझर’, ‘खंडणी’ किंवा ‘अंकुर’ म्हणजे काय हे माहीत नाही, तेही वाचत नसते. मजकूर समजण्यात पूर्वज्ञानाचा वाटा किती मोठा असतो, हे डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८मध्ये दाखवून दिले. सातवी-आठवीच्या चौसष्ट विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या खेळाचे वर्णन वाचायला देऊन त्यांना काय समजले हे तपासले गेले. वाचनात कच्ची, पण बेसबॉल चांगला जाणणारी मुले, वाचनात पक्की पण त्या खेळाविषयी फारसे न जाणणाऱ्या मुलांहून पुढे गेली. आकलन हे कुठल्याही मजकुरावर सारखेच चालणारे सुटे कौशल्य नाही. ते बऱ्याच अंशी विषयाच्या ओळखीतून येते, आणि ही ओळख काही आठवड्यांच्या सरावाने मिळत नाही. ती साठत जायला वर्षे लागतात. म्हणून ती उशिरा सुरू करणे महागात पडते.

अमेरिकेने हे अनुभवले आहे. २००२च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने भाषा आणि गणित यांच्या वार्षिक चाचण्यांवर शाळांचे मूल्यमापन सुरू केले. पाच वर्षांनी ‘सेंटर ऑन एज्युकेशन पॉलिसी’ने केलेल्या पाहणीत ६२ टक्के शालेय जिल्ह्यांनी प्राथमिक वर्गांत या दोन विषयांचा वेळ वाढवल्याचे आणि ४४ टक्के जिल्ह्यांनी त्यासाठी विज्ञान, समाजशास्त्र, कला अशा विषयांचा वेळ कापल्याचे आढळले. त्याआधीच, २०००मध्ये, नेल ड्यूक यांनी बॉस्टन परिसरातील पहिलीच्या वीस वर्गांत निरीक्षण करून नोंदवले होते की माहितीपर मजकुराच्या वाट्याला दिवसाला सरासरी अवघी ३.६ मिनिटे येतात. उलट दिशेने केलेला प्रयोगही उपलब्ध आहे. हार्वर्ड विद्यापीठातील जेम्स किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा शाळांतील पहिलीच्या ३८ वर्गांत, ६७४ मुलांसह, प्रयोग केला : काही वर्गांत ‘आर्क्टिकमधले प्राणी कसे तग धरतात’ या एकाच विषयावर दहा दिवसांचा वाचन-घटक राबवला आणि नेहमीच्या पद्धतीच्या उरलेल्या वर्गांशी त्याची तुलना केली. कोणत्या वर्गाला कोणती पद्धत मिळणार, हे यदृच्छेने ठरवले होते. विषयातील शब्दांची समज, ऐकून समजणे आणि कारण देऊन लिहिणे, या तिन्हींत मुले पुढे गेली. शिकवलेल्या विषयापलीकडच्या वाचन-आकलनातही लहानशी, पण खरी वाढ दिसली. वाचनाची गोडी मात्र मोजता येईल इतकी वाढली नाही, हेही सांगायला हवे. दहा दिवसांत चमत्कार होत नाहीत. पण पहिलीतल्या मुलांना विज्ञानाचा आशय झेपत नाही किंवा त्याने वाचन मागे पडते, ही भीती या पुराव्यापुढे टिकत नाही.

इथे पहिला आक्षेप येईल : हे सगळे इंग्रजीचे झाले, मराठीची लिपी वेगळी आहे. आक्षेप रास्त आहे आणि त्याचा विचार केला की मूळ मुद्दा आणखी बळकट होतो. देवनागरीत उच्चार आणि खूण यांचे नाते इंग्रजीपेक्षा कितीतरी सरळ आहे, पण शिकायच्या खुणा जास्त आहेत. व्यंजने आणि बाराखडी यांच्या गुणाकारानेच चारशेहून अधिक रूपे होतात, जोडाक्षरे निराळी. म्हणजे मराठी मुलाला लिपी पुरती हाती येण्यास पहिलीचे एक वर्ष पुरत नाही. पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे पहिली ते तिसरीच्या मुलांचा मागोवा घेणाऱ्या, शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांच्या संशोधन प्रकल्पाने हेच वास्तव समोर आणले. वर्गातला वेळ मुख्यतः अक्षरे गिरवणे, फळ्यावरचे उतरवून घेणे आणि एका सुरात म्हणणे यात जातो, अर्थाकडे दुर्लक्ष होते, आणि तिसरी संपतानाही अनेक मुलांना साधा मजकूर समजून वाचता येत नाही. आता विचार करा : लिपी शिकायला दोन-तीन वर्षे लागणारच असतील आणि तोवर आशय थांबवून ठेवायचा असेल, तर मुलाची दोन-तीन वर्षे जगाविषयी काही नवे न कळता जातील. सहा वर्षांच्या मुलाची वाचण्याची क्षमता तोकडी असते, ऐकून समजण्याची क्षमता तशी तोकडी नसते. ते जेवढे वाचू शकते त्याच्या कितीतरी पट अधिक ऐकून समजू शकते, त्यावर प्रश्न विचारू शकते आणि वाद घालू शकते. पहिलीतला आशय म्हणूनच मुख्यतः तोंडी असावा : शिक्षकांनी मोठ्याने वाचलेला, चर्चेतून आणि निरीक्षणातून आलेला.

असा आशय कसा असेल? ‘पाणी’ हा विषय घेऊ आणि तीन आठवडे त्यातच राहू. मुले गावातल्या पाण्याच्या जागांची नावे सांगतील : आड, विहीर, हापसा, नळ, टँकर. दोन भांड्यांत सारखे पाणी घेऊन एक उन्हात आणि एक सावलीत ठेवायचे, संध्याकाळी दोन्ही पाहायची, आणि ‘वाफ’ हा शब्द त्या निरीक्षणातून येऊ द्यायचा. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, हे पाहून मुलांनी आपापला अंदाज सांगायचा. मग समाजाची बाजू : घरात पाणी कोण भरते, टँकर आला की रांग कशी लागते, पाणी सोडण्याची वेळ कोण ठरवते. एके काळी काही माणसांना विहिरीला हात लावू दिला जात नसे आणि जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला, ही हकिगत सहा वर्षांच्या मुलाला नीट समजते, कारण न्याय-अन्यायाची जाणीव त्याला अक्षरांच्या आधीच असते. या काळात अक्षरांचा तास आपल्या क्रमाने चालूच राहील. पण शिकलेल्या अक्षरांतून ‘पाणी गार आहे’, ‘गाळ खाली बसला’ अशी वाक्ये मुले वाचू-लिहू लागतील, तेव्हा त्या वाक्यांमागे त्यांनी पाहिलेले आणि बोललेले काही असेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विषय एकत्र केले की दोन्हीकडे पातळपणा येतो. मुलांना धड अक्षरेही येत नाहीत आणि धड विज्ञानही कळत नाही. हे घडते, हे मान्य करावे लागेल. ‘पाणी’ असे शीर्षक द्यायचे आणि त्याखाली पाण्याचे एक गाणे, थेंबाचे एक चित्र आणि थेंब मोजायचे एक गणित ठेवायचे, याला एकात्मता म्हणता येत नाही. त्यातून पाण्याविषयी मुलाला नवे काहीच कळत नाही. उलट टोकाची चूकही होते : विषयाला साजेसे शब्द हवेत म्हणून, न शिकवलेली जोडाक्षरे मुलापुढे टाकायची आणि त्याने अंदाजाने वाचावे अशी अपेक्षा करायची. यावर उपाय म्हणजे दोन धागे स्पष्टपणे वेगळे ओळखणे. अक्षरांचा धागा पद्धतशीर, क्रमवार आणि रोजच्या सरावाचा असावा. विषयासाठी त्याचा क्रम मोडू नये. आशयाच्या धाग्यालाही स्वतःचा क्रम हवा : या वर्षी कोणत्या पाच-सहा विषयांत मुले खोल जातील, कोणते शब्द त्यांच्या बोलण्यात रुळतील, पुढच्या वर्षी त्यावर काय उभे राहील. आपल्याकडे नेमकी हीच बाजू मोकळी राहिली आहे. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने पहिली-दुसरीत परिसर अभ्यास वेगळा विषय न ठेवता भाषा आणि गणितातून शिकवावा असे सुचवले, आणि महाराष्ट्रातही परिसर अभ्यासाचे स्वतंत्र पुस्तक मुलाच्या हाती तिसरीत येत आले. कल्पना चांगली होती. पण जे सगळ्यांतून शिकवायचे असते, त्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही, आणि मूल्यमापन वाचनाचे होणार असेल तर दबावाखाली आधी तेच गळून पडते.

तिसरा आक्षेप वेळेचा आणि मनुष्यबळाचा. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतो. त्याच्यावर आणखी ओझे कशाला? पण अक्षरांच्या सरावाला प्रत्येक इयत्तेची पातळी वेगळी ठेवावी लागते, तर मोठ्याने वाचलेला मजकूर, निरीक्षण आणि चर्चा पहिली आणि दुसरीला एकत्र घेता येते. बहुवर्ग शाळेला हा तास सोयीचाच आहे. अडचण आहे ती साहित्याची : शिक्षकांनी मोठ्याने वाचावेत असे, मराठीतले, अचूक आणि रसाळ माहितीपर मजकूर पहिलीच्या पातळीवर पुरेसे नाहीत. गोष्टी आहेत, आणि त्या हव्यातच. मुलाची कल्पनाशक्ती त्यांवर पोसते. पण मुंग्या वारूळ कसे करतात, एसटीचा डेपो कसा चालतो, ज्वारीचे कणीस कसे भरते हे ऐकतानाही मूल गोष्टीइतकेच रंगते. ही उणीव शिक्षकांवर सोडून चालणार नाही. ती बालभारतीने, लेखकांनी आणि प्रकाशकांनी भरून काढायची आहे.

या सर्व मुद्द्यांच्या मुळाशी समतेचा प्रश्न आहे. ज्या घरात पुस्तके आहेत, प्रवास आहे, जेवताना बातम्यांवर बोलणे आहे, त्या घरातल्या मुलाला शाळेने आशय नाही दिला तरी तो घरून मिळतो. ज्याला तो केवळ शाळेतूनच मिळू शकतो, त्याच मुलाला आपण ‘आधी अक्षरे पक्की कर’ म्हणून थांबवतो. पुढे चौथी-पाचवीत दोघांसमोर एकच धडा येतो आणि दुसरे मूल मागे पडले की आपण त्याच्या वाचनाला दोष देतो. शिवाय त्या मुलाकडे काहीच नसते असेही नाही. वारली, कोरकू, पावरी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलाला झाडे, पाऊस, मासे, शेती यांची जी ओळख असते, ती शहरी मुलाला क्वचितच असते. वर्गात या विषयांवर बोलणे सुरू झाले, तेही आधी त्याच्या भाषेत, तर हे ज्ञान मराठीकडे येण्याची वाट बनते. नुसत्या बाराखडीच्या तक्त्यासमोर त्याला काहीच किंमत उरत नाही.

‘निपुण’च्या उद्दिष्टांत दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द असा वेग दिला आहे, समजण्याच्या अटीसह. वेग मोजणे सोपे असते, म्हणून शाळा वेगामागे धावतील. समज कशाची, हे कोणी विचारणार नाही. म्हणून पहिलीच्या मूल्यमापनात आणखी एक साधी गोष्ट असावी : शिक्षकांनी वर्षभरात घेतलेल्या विषयांपैकी एकावर मुलाने तोंडी बोलावे, कारण सांगावे, प्रश्न विचारावा. वेळापत्रकात रोज एक तासिका आशयासाठी राखून ठेवावी आणि तपासणीच्या वेळी अक्षरांइतकीच तिचीही चौकशी व्हावी. एवढे केले तरी पहिलीच्या मुलाला अक्षरांचा उपयोग कळेल. अक्षरे शिकवणे हे पहिलीचे कर्तव्य आहेच. पण ती शिकून झाल्यावर मुलाला वाचण्यासारखे काही वाटावे आणि वाचलेले समजावे, यासाठी लागणारे ज्ञान देणे हेही तिचेच कर्तव्य आहे. ते तिसरीवर ढकलण्याचा अधिकार आपल्याला नाही.