सांभाळणाऱ्याचा हात

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी कास्तकार बैल धुऊन आणतो आणि त्यांचे खांदे शेकतो. हळद-तूप लावलेला हात नेमका तिथेच फिरतो, जिथे जू घासून घासून कातडी राठ झालेली असते. गोंदिया जिल्ह्यात तोवर रोवणी आटोपलेली असते आणि चिखलात राबून बैल दमलेले असतात. त्या हातात पूजा कुठे संपते आणि उपचार कुठे सुरू होतो, हे सांगता येत नाही.

दसऱ्याला हाच मान यंत्रांना मिळतो. ट्रॅक्टर धुतला जातो, बॉनेटवर झेंडूचा हार चढतो. पाने, पकड, ग्रीसगन पाटावर मांडून त्यांनाही हळद-कुंकू वाहतात. ज्या अवजाराने पोट भरले त्याची निगा राखणे आपल्याकडे लागते, ही समजूत या रीतीच्या मुळाशी आहे. म्हणून पुढचा प्रश्न कायद्याचा होण्याआधी धर्माचा आहे. ज्या यंत्राला हार घालता येतो पण ज्याचे झाकण उघडता येत नाही, ते कास्तकाराचे म्हणायचे का?

जुने डिझेल इंजिन बंद पडले की मिस्त्रीला पहिला संशय हवेचा येतो. तो फिल्टरवरचा बोल्ट दोन आटे ढिला करतो आणि फीड पंपाची दांडी अंगठ्याने वरखाली करत राहतो. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग डिझेलची सलग धार. बोल्ट आवळला की इंजिन धडधडू लागते. धुऱ्यावर उकिडवे बसून बघता बघता पोरे ही विद्या शिकली. तिची फी कोणी भरली नाही.

आता त्याच धुऱ्यापलीकडे सौरपंप आला आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही राज्याची योजना २०२४ ची. कास्तकाराने किमतीच्या दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या कास्तकाराने पाच टक्के, आणि पाच वर्षे दुरुस्तीची हमी पुरवठादाराची. दिवसा पाणी मिळू लागले, डिझेलचा खर्च वाचला. हा लाभ मोठा आहे आणि तो मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. पण या पंपाचा मेंदू कंट्रोलरच्या डब्यात असतो. विहिरीचे पाणी खाली गेले की तो पंप थांबवतो, त्याची नोंद दूरवर पाठवतो आणि पडद्यावर एखादा आकडा दाखवतो. त्या आकड्याचा अर्थ शेतात उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक नसतो. डबा उघडला तर हमी जाईल, ही धास्ती वेगळीच. उन्हाळी धान निसवायला आले असताना बांधी कोरडी पडली तर एकेक दिवस जड जातो, आणि पेटीत पाने असूनही तक्रार नोंदवून वाट पाहण्यापलीकडे त्याला काही करता येत नाही.

मोठ्या ट्रॅक्टरांचेही तसेच होत चालले आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना धुराची नवी मर्यादा लागू झाली आणि तिच्यासाठी इंधन मोजून सोडणारे संगणकीय नियंत्रण इंजिनात आले. अमेरिकेत हा रस्ता आधीच चालून झाला आहे. २०१५ साली जॉन डिअर कंपनीने तिथल्या कॉपीराइट कार्यालयापुढे मांडले, की ट्रॅक्टर घेणाऱ्याला त्यातल्या सॉफ्टवेअरची मालकी मिळत नाही, वाहन चालवण्यापुरता परवाना मिळतो. पुढे कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्यांच्या दुरुस्तीहक्काचा कायदा केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने याच कंपनीवर दुरुस्ती अडवल्याबद्दल दावा लावला.

‘ईशावास्य’ मानणारा इथे विचारेल, की सगळे ईश्वराचेच आहे, तर यंत्र माझे म्हणण्याचा हट्ट कशाला? आक्षेप वजनदार आहे. पण तो लावायचा तर दोन्हीकडे लावावा लागतो. कास्तकाराचे काही नसेल, तर कुलूप घालणाऱ्याचेही नाही. मालकीचा अभिमान वजा केला की मागे उरतो तो सांभाळ, आणि सांभाळायचे तर उघडून बघता आले पाहिजे. गाय सांभाळायला दिली आणि तिच्या खुराला हात लावू नका म्हणून बजावले, तर गाय लंगडी होईल आणि सांभाळणारा अपराधी ठरेल. दुरुस्तीचा हक्क मागणारा कास्तकार मालकी मिरवायला निघालेला नाही. आपले कर्तव्य करू द्या, एवढेच तो म्हणतो आहे.

सांभाळणाऱ्याला देवपण देणारी भूमी हीच. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. पुढे लोकांनी त्यांना कोलासूर देव केले. तलावाभोवतीच्या सातबहिणी टेकड्यांपैकी एकीवर त्यांचे ठाणे आहे. त्यांच्या कोहळी समाजाने या मुलखात तलाव बांधले आणि ते राखलेही. मग १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली. ती जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर तलाव सरकारी खात्यांच्या दप्तरात गेले, आणि माजी मालगुजारी म्हणून ‘मामा’ म्हणवले जाणारे हे तलाव हळूहळू गाळाने भरत गेले. पाणी गावाचे होते, गाळात रुतणारे पाय गावाचे होते. दुरुस्तीचा अधिकार आणि पैसा मात्र दूरच्या कचेरीत होता. ज्याच्या डोळ्यांना पाळीची भेग आधी दिसते त्याच्याच हाताला मज्जाव झाला की काय होते, हे पूर्व विदर्भाला कोणी वेगळे शिकवायला नको.

गांधीजींनी यंत्राच्या म्हातारपणाचा विचार त्याच्या जन्माआधीच केला होता. १९२९ साली त्यांच्या अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाखाचे बक्षीस लावले. यंत्र दीडशे रुपयांत बसावे, किमान वीस वर्षे चालावे आणि सुट्या भागांचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये, अशा अटी होत्या. किर्लोस्करवाडीहून एक यंत्र गेले. तेही कसोटीला उतरले नाही. अटी कठीण होत्या, पण त्या ज्याच्या घरात यंत्र नांदणार त्याच्या बाजूने होत्या.

कंपन्यांच्या दोन भीती खऱ्या आहेत. ऊन असेपर्यंत सौरपॅनलमधला प्रवाह जिवंत असतो, अजाण हात तिथे भाजेल. आणि सॉफ्टवेअरमध्ये ढवळाढवळ करून धुराची मर्यादा मोडता येते. पण विजेची मोटार खेड्यात आली तेव्हाही माणसे दगावण्याची भीती होतीच, आणि म्हणूनच गावोगाव वायरमन तयार झाले. धोका हे शिकवण्याचे कारण आहे, लपवण्याचे नव्हे.

भारताचा कायदा या बाबतीत बराच मोकळा आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेले कलम ६५अ डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगते, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने बाहेरच्या मेकॅनिकना मिळू न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीहक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची यंत्रे तिच्या यादीत होती. मे २०२५ मध्ये दुरुस्तीक्षमतेच्या निर्देशांकाचा अहवाल आला तो मात्र मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंपासून सुरुवात करणारा. फोन बंद पडला तर निरोप चुकतो. पंप बंद पडला तर हंगाम जातो. क्रम उलटा हवा होता.

सौर कृषी पंप योजनेतल्या पहिल्या पंपांची पाच वर्षांची हमी २०३० च्या सुमारास संपू लागेल. त्याआधी कंट्रोलरच्या आकड्यांची यादी मराठीत छापून प्रत्येक पंपासोबत दिली पाहिजे, सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळाले पाहिजेत, आणि आयटीआयच्या वर्गात तो डबा उघडून पोरांना शिकवला पाहिजे. त्या पोरांपैकी काहींचे बाप आजही फीड पंपाची दांडी अंगठ्याने हलवून इंजिनातली हवा काढतात.