झाकले जाणारे काम

घर बांधण्याच्या उद्योगात भूमिपूजनाला मुहूर्त असतो, कोनशिलेवर नावे असतात आणि वास्तुशांतीला आप्तेष्टांच्या पंक्ती बसतात. परंतु नारळ फुटल्यानंतर आणि काँक्रीट पडण्यापूर्वी जे काही दिवस जातात, त्यांना ना विधी, ना पाहुणे. त्या दिवसांत जमीन तयार होते. पायाच्या दगडाला आपल्या भाषेने निदान मान तरी दिला. त्याच्याही खालच्या मातीवर जे काम होते, त्याला वाक्प्रचारातही जागा मिळाली नाही. नीतिविचाराच्या दृष्टीने मात्र हेच दिवस मला महत्त्वाचे वाटतात. जे काम कायमचे झाकले जाणार आहे, ते नीट का करावे, हा प्रश्न येथे जितका उघडा पडतो, तितका अन्यत्र क्वचितच पडत असेल.

प्रथम ते काम काय आहे ते पाहू. वरच्या थरातील माती पिकाला उत्तम, पण घराला कुचकामी. तिच्यातील मुळे आणि पालापाचोळा कुजला की पोकळी राहते. म्हणून ती आधी काढून टाकावयाची. चर खणून तळ समपातळीत आणावयाचा. भुसभुशीत जागा लागल्यास घट्ट जमीन मिळेपर्यंत खाली जावयाचे. पाणी साचून तळाचा चिखल झाला असेल, तर तो काढल्यावाचून काँक्रीट ओतावयाचे नाही. भर घालावी लागली तर ती 15 ते 20 सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, धुमसाने ठोकून. या नियमांतील एक नियम मोठा अर्थपूर्ण आहे. चर ठरलेल्या खोलीपेक्षा अधिक खणला गेला, तर काढलेली माती परत टाकून तो भरण्याची मुभा नसते. काँक्रीटनेच भरावा लागतो. एकदा विसकटलेली भूमी त्याच मातीने पूर्ववत होत नाही. पण चार घमेली सुटी माती ढकलून पातळी साधणे हे काही मिनिटांचे काम असते, आणि दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडले की साक्षीदार उरत नाही.

मग ही चोरी का करू नये? पहिले उत्तर तपासणीचे. झाकण्यापूर्वी काम अभियंत्याला दाखवावे, त्याने ते मोजून मेझरमेंट बुकात नोंदवावे, अशी शिस्त सरकारी बांधकामात आहे आणि ती आवश्यकच आहे. परंतु मोजपट्टी लांबी, रुंदी आणि खोली सांगते. खालचा थर किती ठोकला गेला, हे वरचा थर पडल्यावर दिसत नाही. घनतेची चाचणी असते, पण तीही निवडक जागीच घेतली जाते. प्रत्येक ठोक्याशेजारी निरीक्षक उभा करता येत नाही.

दुसरे उत्तर परिणामाचे: लबाडी अखेर भिंतीवर उमटते. हे खरे, पण केव्हा, आणि कोणाच्या भिंतीवर? माळव्यात किंवा विदर्भात राहिलेल्यांना काळ्या मातीचा स्वभाव ठाऊक असेल. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरचे हलके घर तिच्याबरोबर हलते. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी कंदासारखा फुगवटा असलेले खांब विकसित केले. ऋतूंची हालचाल जेथे पोहोचत नाही, अशा सुमारे साडेतीन मीटर खोलीपर्यंत ते नेतात. उथळ पायावर घाईने उभारलेल्या घराला तडा जातो, तो पुष्कळदा दोन-तीन पावसाळे उलटल्यावर. तोवर कंत्राटदाराची अनामत बहुधा परत गेलेली असते, आणि सही करणारे बदली होऊन दुसऱ्या गावी रुजू झालेले असतात. पिसाच्या मनोऱ्याचे काम 1173 मध्ये सुरू झाले. तिसऱ्या मजल्याच्या सुमारास तो मऊ जमिनीत एका बाजूस खचू लागला. खालची माती थोडीथोडी काढून त्याचा कल कमी केल्यावर तो 2001 मध्ये लोकांना पुन्हा खुला झाला. चुकीचा आणि दुरुस्तीचा हिशेब एकाच आयुष्यात बसेल, अशी हमी निसर्ग देत नाही.

तिसरे उत्तर निष्काम कर्माचे. ते आपल्या परिचयाचे आहे, म्हणूनच त्यात गफलत होते. फळाची आसक्ती सोडणे निराळे आणि फळाविषयी बेफिकीर होणे निराळे. मंडालेच्या तुरुंगात गीतेचा विचार करताना लोकमान्यांनी लोकसंग्रहावर जो भर दिला, तो येथे आठवावा. माती ठोकणाऱ्याला त्या घरात राहावयाचे नाही, म्हणून त्याला फळाचा लोभ नाही; परंतु जे राहणार आहेत, त्यांच्या दृष्टीने ते फळ म्हणजे डोक्यावरचे छप्पर आहे.

या कर्तव्याचा खरा आधार मला दुसऱ्याच्या असहायतेत दिसतो. घर घेणारा रंग पाहतो, नळ सोडून पाहतो, दारे लावून पाहतो. जमीन मात्र त्याला उकरून पाहता येत नाही. जेथे समोरचा आपले काम तपासू शकतो, तेथे जबाबदारीचा थोडा भार तोही उचलतो. जेथे त्याला ते मुळीच शक्य नाही, तेथे सारा भार आपल्यावर येतो. झाकलेपणाने कर्तव्य सैल होत नाही, उलट अधिक आवळले जाते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. धुमस धरणारा बिगारी रोजंदारीवर असतो. कामाशेजारच्या पत्र्याच्या खोपटात राहतो. तसले पक्के घर त्याच्या वाट्याला येण्याचा संभव थोडा. सदसद्विवेकाचे ओझे त्यानेच का वाहावे? त्याच्यावर ते टाकून आपण मोकळे होणे, ही दुसरी लबाडी होय. ज्याने दर इतका पाडला की चार थरांऐवजी दोनच परवडावेत, ज्याने कामाची तारीख पावसाळ्याच्या तोंडावर नेमली, ज्याने चरात न उतरता सही केली, त्यांचा वाटा आधी मोजला पाहिजे. बिगाऱ्याला पुरेसा वेळ, पुरेसे पाणी आणि पुरती मजुरी देणे, हाही जमीन तयार करण्याचाच भाग आहे.

बदलीच्या नोकरीत असलेल्यांचे बरेचसे काम याच जातीचे असते. फायलीतील टिपण, पाहणीचा अहवाल, कार्यभार सोपवताना दिलेला तपशील, यांवर पुढे कोणी तरी मजले चढवतो. त्याला आपले नावही ठाऊक नसते. तळाचा चिखल आपण उपसला होता की वरून नुसती कोरडी माती पसरली होती, हे त्याला पावसाळा आल्यावाचून कळणार नाही. आपल्याला मात्र ते आजच ठाऊक आहे.