आधी, करताना आणि नंतर

माझ्या धम्मात माफी देणारं कोणी नाही. हात जोडून 'चुकलं, पदरात घे' म्हणावं असा देव बुद्धांनी ठेवला नाही आणि त्या रिकाम्या जागी स्वतः जाऊनही बसले नाहीत. ते वाट दाखवणारे. चालायचं ज्यानं त्यानं. लहानपणापासून हे मी अभिमानानं सांगत आले. देव नाही, आत्मा नाही, कर्मकांड नाही, बुद्धी कुणाकडे गहाण ठेवायची नाही. साठी ओलांडल्यावर मात्र या सगळ्याची दुसरी बाजू अंगावर येते. माफ करणारा नाही म्हणजे हिशेब मिटवून देणाराही नाही. केलेलं, बोललेलं, मनात आणलेलं आपल्यापाशीच राहतं. मग रोज संध्याकाळी मेणबत्ती-अगरबत्ती लावून मी त्रिसरण-पंचशील म्हणते तेव्हा नेमकी कुणासमोर उभी असते?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी पुन्हा पुन्हा एका सुत्ताकडे जाते. मज्झिम निकायातलं अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त. बुद्ध तेव्हा राजगृहाच्या वेळुवनात मुक्कामाला होते आणि राहुल अंबलट्ठिकेत. संध्याकाळी ध्यानातून उठून बाप मुलाला भेटायला जातो. मुलगा लांबून बघतो, आसन मांडतो, पाय धुवायला पाणी ठेवतो. पाय धुऊन झाल्यावर बुद्ध भांड्यात थोडंसं पाणी ठेवतात आणि राहुलला दाखवतात. जाणूनबुजून खोटं बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचं श्रमणपण एवढंसंच. मग ते पाणी फेकून देतात: ते असं फेकलं गेलेलं. मग भांडं पालथं करतात: असं पालथं झालेलं. मग सुलटं करून रिकामं भांडं दाखवतात: असं पोकळ. अट्ठकथा सांगते की राहुल तेव्हा सात वर्षांचा होता.

एवढ्यावर सुत्त संपलं असतं तर ती खोटं न बोलण्याची एक चांगली शिकवण झाली असती. पण पुढे बुद्ध विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, राहुल म्हणतो. तसंच, ते सांगतात, शरीरानं, वाणीनं, मनानं काहीही करायचं ते पाहून पाहून करावं. करण्याआधी पाहावं, करत असताना पाहावं, करून झाल्यावर पाहावं. प्रश्न प्रत्येक वेळी तोच: यानं मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही इजा होते आहे का? आधीच दिसलं तर करू नये. मध्येच दिसलं तर तिथंच थांबावं. नंतर दिसलं तर, कृती आणि वाणीच्या बाबतीत, ते आपल्या शिक्षकापुढे किंवा जाणत्या सोबत्यापुढे उघड करावं आणि पुढे सावध राहावं. मनात आलेल्या गोष्टीची लाज वाटू द्यावी. आणि काही वावगं दिसलं नाही तर आनंदात राहावं. हा शेवटचा भाग आम्ही सांगायचं विसरतो. बुद्धांनी मुलाला स्वतःला कोसत बसायला सांगितलं नाही. तपासणीतून खंत निघेल तशीच मोकळीकही निघेल, हे त्यांनी त्या लहान पोराला सांगून ठेवलं.

सम्राट अशोकालाही हा उपदेश मोलाचा वाटला असावा. राजस्थानात बैराटला सापडलेल्या त्याच्या शिलालेखात भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनीही वारंवार ऐकावेत अशा सात धम्मग्रंथांची नावं आहेत, त्यात खोटं बोलण्यासंबंधी राहुलला केलेला उपदेश आहे. राजा आपल्या दगडावर हे कोरून घेतो आणि घरसंसारातल्या माणसांनाही ते लागू आहे असं सांगतो. 'हे भन्तेजींचं काम' म्हणून मला त्यातून सुटता येत नाही.

हा आरसा बुद्धांनी दुसऱ्यासाठी बनवला आणि स्वतः पाहिला नाही, असं मात्र झालेलं नाही. एकोणतिसाव्या वर्षी घर सोडलेला सिद्धार्थ आधी आळार कालामाकडे गेला, मग उद्दक रामपुत्ताकडे. दोघांकडचं होतं ते सगळं शिकला. दोघांनीही त्याला मानाची जागा देऊ केली. आपल्याला हवं ते इथं नाही, एवढं ओळखून तो निघाला. मग सहा वर्षं देहदंड. पोटाला हात लावला तर पाठीचा कणा लागावा, इतकं शरीर झिजलं. आणि अशा टोकाला पोचल्यावर त्यानं स्वतःशी कबूल केलं की यातून काही हाती लागत नाही. वडील शेतात असताना जांभळीच्या सावलीत बसून लहानपणी अनुभवलेली मनाची शांती त्याला आठवली. त्या निर्मळ सुखाला आपण उगाच भितो आहोत का, हे त्यानं स्वतःलाच विचारलं आणि अन्न घेतलं. सोबतचे पाच जण 'हा बिघडला' म्हणून सोडून गेले. पुढे उरुवेलेला निरंजनेच्या काठी पिंपळाखाली बोधी मिळाल्यावर त्याच पाचांना शोधत ते सारनाथच्या इसिपतनात आले आणि तिथं पहिला उपदेश केला: दोन्ही टोकं टाळणारा मध्यम मार्ग, दुःख, दुःखाचं मूळ असलेली तृष्णा, तिचा निरोध आणि त्यासाठीचा अष्टांगिक मार्ग. ही चार सत्यं आम्हाला पाठ आहेत. मला त्यांच्या आधीचा तो क्षण जास्त अस्वस्थ करतो. सहा वर्षं सोसलेलं कुणी असं बाजूला ठेवत नाही. आपण सोसलेल्याचा आपल्याला लोभ असतो. आमच्या पिढीला तर आहेच. आम्ही काय काय सोसून शिकलो, हे सांगताना आमचा आवाज चढतो आणि त्या आवाजाखाली पुष्कळ काही झाकलं जातं.

पंचशील म्हणताना पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या शीलापाशी मी अडखळत नाही. चौथ्यापाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, अडखळते. कारण सम्यक वाचेत फक्त खरं-खोटं येत नाही. चहाडी येते, टोचून बोलणं येतं, वायफळ बडबड येते. दिवसभरात ही चारही दारं कितीदा उघडतात ते ज्याचं त्याला माहीत.

आणि आपलं आपल्याला दिसतंच असंही नाही. बुद्धांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी आरशाच्या जोडीला माणसं दिली. दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी भिक्खूंनी एकत्र येऊन पातिमोक्खाचे नियम म्हणायचे, पण त्याआधी आपलं उल्लंघन सांगून मोकळं व्हायचं. वर्षावासाचे तीन महिने संपले की पवारणा. सगळ्यांत ज्येष्ठ भिक्खू आधी उकिडवा बसतो, हात जोडतो आणि संघाला विनवतो की माझ्याबद्दल काही दिसलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल तर दया करून सांगा. तीनदा विनवतो. मग पुढचा. स्वतः बुद्धांनी श्रावस्तीच्या पूर्वारामात पाचशे भिक्खूंपुढे विचारलं होतं की माझ्या वागण्या-बोलण्यात तुम्हाला काही वावगं दिसतं का. सारिपुत्तांनी उठून 'नाही' म्हणून सांगितलं, पण प्रश्न विचारला गेला. जगाला उपदेश करणाऱ्यानं आपल्याच शिष्यांना हे विचारावं, याचं मोल मला शब्दांत मांडता येत नाही.

आमच्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालतं. पांढऱ्या साड्या नेसून आम्ही बायका जमतो, पाळीपाळीनं वाचतो, समारोपाला खीर करतो, वाचणाऱ्यांचा सत्कार करतो. फार जीव आहे माझा या तीन महिन्यांवर. पण वर्षावास ज्या पवारणेनं संपायचा ती आमच्याकडे नाही. आम्ही सांगतो, ऐकतो, जेवतो आणि घरी जातो. एकमेकींना विचारत नाही.

म्हणून गेल्या समारोपानंतर मी घरी मुलीला विचारलं. पवारणा काय असते ते आधी सांगितलं आणि म्हटलं, दिसलेलं, ऐकलेलं, शंका आलेलं, काय असेल ते सांग. ती भाजी निवडत होती. "राहू दे गं आई," म्हणाली. मी पुन्हा विचारलं. मेथीची जुडी बाजूला ठेवून ती म्हणाली, "वादात अडलीस की तू बाबासाहेबांचं नाव घेतेस. मग समोरच्याला बोलायला जागाच राहत नाही." थोडं थांबून म्हणाली, "आणि मावशीनं फोनवर मुलाचं लग्न ठरल्याचं सांगितलं, तेव्हा तू पहिलं काय विचारलंस? 'आपल्यातलीच आहे ना?' मुलगी बौद्धच आहे, आई. तिच्या वडिलांनी दीक्षा घेतलीय. फक्त ते लोक आधी मातंग होते. तुला ते माहीत होतं. तरी विचारलंस."

पहिली गोष्ट मला लगेच पटली, कारण माझी ती सवय बाबासाहेबांच्याच विरुद्ध जाते. केसपुत्तच्या कालामांना बुद्धांनी सांगितलं होतं की परंपरेनं आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, इतकंच काय, आपला गुरू सांगतो म्हणूनही स्वीकारू नका. लोभ, द्वेष, मोह वाढतो की घटतो, ते पाहा. बाबासाहेबांनी हे तंतोतंत पाळलं. म्हातारा, रोगी आणि प्रेत पहिल्यांदा पाहून सिद्धार्थानं घर सोडलं ही इतकी लाडकी कथा, पण एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर हे पाहिलंच नव्हतं हे पटत नाही, असं त्यांनी आपल्या ग्रंथात मांडलं आणि शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याकडे बोट दाखवलं. त्यांच्याआधी धर्मानंद कोसंबींनीही त्या कथेवर शंका घेतली होती. शंका घेणाऱ्या माणसाचं नाव मी शंका बंद करायला वापरते. यापुढे मुलीशी बोलताना माझं म्हणणं माझ्या नावावर सांगायचं, मग ते कितीही तोकडं पडो.

दुसरी गोष्ट अशी सुटत नाही. पहिल्यांदा ओठांवर आलं ते 'मी सहज विचारलं'. बुद्धांनी चेतनेलाच कर्म म्हटलं आहे, त्यामुळे हेतू वाईट नव्हता म्हटलं की सुटल्यासारखं वाटतं. पण खरंच सहज होतं का? मी काय तपासत होते? उत्तर 'हो' आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. कशाचं बरं? माझी आई १९५६च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात होती. भिक्खू चंद्रमणींकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात सगळी माणसं समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. आईला त्या तोंडपाठ होत्या, मलाही आहेत. जातीच्या उतरंडीतून बाहेर येताना आमच्या माणसांनी देव सोडले, सण सोडले, जुनी कामं सोडली. एवढं सोडूनही लग्नाची गोष्ट निघाली की माझी नजर खाली कोण आहे ते शोधते. वरून आमच्यावर जी नजर पडत होती, तिच्यापेक्षा ही वेगळी आहे असं मला आज म्हणता येत नाही. ते एक वाक्य पुसलं तरी ही नजर राहते.

विनयपिटकात शाक्य कुमारांची हकिकत आहे. अनुरुद्ध, भद्दिय, आनंद असे सहा जण घर सोडून बुद्धांकडे निघाले. सोबत त्यांचा न्हावी उपाली होता. पोचल्यावर कुमारांनीच बुद्धांना विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्या. तो ज्येष्ठ होईल, मग आम्हाला त्याला वंदन करावं लागेल, उठून उभं राहावं लागेल, आणि आमचा शाक्यपणाचा ताठा त्यातून मोडेल. हाच उपाली पुढे विनयाचा सर्वांत मोठा जाणकार झाला आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय त्यानंच सांगितला. मला त्या कुमारांचं कौतुक वाटतं ते त्यांच्या नम्रतेसाठी नाही. ते नम्र नव्हते आणि हे त्यांना ठाऊक होतं. आपण आपोआप सुधारू यावर ते विसंबले नाहीत. रोज वाकावंच लागेल, अशी तजवीज त्यांनी करून घेतली.

मी काय तजवीज करावी? बहिणीच्या होणाऱ्या विहीणबाईंना जाऊन सगळं सांगावं, असं आधी मनात आलं. मग राहुलला दिलेला प्रश्न लावून पाहिला: यानं कुणाला इजा होईल? त्यांना होईल. मी मोकळी होईन आणि माझा तो प्रश्न मुलीच्या आईच्या मनात कायमचा राहील. म्हणून तिथं बोलायचं नाही. ज्या कानावर ते घातलं होतं, तिथंच जायचं. मी धाकट्या बहिणीला फोन केला आणि सांगितलं की त्या दिवशी मी जे विचारलं ते विचारायला नको होतं, आणि का नको होतं तेही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, तुझ्याआधी मीच विचारलं होतं. मुलाला."

मुलीकडची माणसं पुढच्या रविवारी येणार आहेत. त्याआधी शनिवारी मी बहिणीकडे मुक्कामाला जाते आहे. तिनं मुलालाही थांबायला सांगितलं आहे. आम्हा दोघींना त्याच्यापुढे बसायचं आहे.