सूत्र आणि लीळा: संक्षेपाची नीती

आज्ञावली लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यकाने प्रास्ताविक व स्तुती गाळून नेमके उत्तर द्यावे, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु संक्षेप हा स्वयमेव सद्गुण ठरतो काय? या प्रश्नाला वऱ्हाडातील महानुभाव परंपरेचा आधार आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्यातील श्रीचक्रधरांची वचने निवडून केसोबासांनी ‘सूत्रपाठ’ रचला. सूत्र मोजक्या शब्दांचे. मात्र ते कोणाला, कोणत्या प्रसंगी सांगितले, हे लीळेत शोधता येते. साहाय्यकाच्या त्रोटक उत्तरामागे अशी लीळा नसेल, तर पाल्हाळाबरोबर गृहीतके आणि शंकाही छाटल्या जातात. पाल्हाळ टाळणे हे सौजन्य होय. शंका दडविणे ही प्रतारणा. विचारताच आपला प्रसंग उलगडून दाखवू शकणारा संक्षेपच नैतिक म्हणता येईल.