देवराईतील निषेध
उन्हाळी निसर्गशिबिरात मुलांना देवराईत, म्हणजे ग्रामदेवतेच्या नावाने राखलेल्या वनात, नेणाऱ्या मार्गदर्शकापुढे एक जुना तात्त्विक प्रश्न उभा राहतो: येथील वाळकी काटकीही उचलू नये, या निषेधाचे कारण देवीचा कोप म्हणून सांगावे, की पाण्याचे आणि दुर्मिळ वनस्पतींचे रक्षण म्हणून? परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास मांडल्यापासून दुसरे उत्तर सुशिक्षितांच्या अंगवळणी पडले आहे. परंतु ते अपुरे आहे, कारण उपयोगावर उभा असलेला निषेध अधिक मोठा उपयोग दिसताच, उदाहरणार्थ रस्त्याची गरज निघताच, ढासळतो. पूर्वमीमांसा, म्हणजे वेदांतील विधिनिषेधांचा विचार करणारे दर्शन, धर्म प्रत्यक्षाने कळत नाही, तो विधिनिषेधाच्या वचनानेच कळतो, असे मानते, आणि गंमत अशी की देवतेच्या कोपाला तेथे फारसे स्थानच नाही. ही दृष्टी गावकऱ्यांच्या श्रद्धेशी जुळणारी नसली, तरी तिच्या आधारे गारंबीच्या वेलाची हातभर लांब शेंग मागणाऱ्या मुलाला, भीती न घालता आणि फायदाही न सांगता, ‘येथले काही न्यायचे नसते’ एवढेच म्हणता येते. मात्र कौल लावून, म्हणजे देवतेची संमती विचारून, गावानेच एखादे झाड तोडले असेल, तर त्या मुलाला काय सांगावे, याचे तयार उत्तर मीमांसेतही मिळत नाही.