जाहिरदारी

उर्दू शाळेत 'जाहिरदारी' हा शब्द आला की आम्ही मुलांना 'देखावा' असा मराठी अर्थ सांगून पुढे जातो. 'जाहीर' तर मराठीने केव्हाच आपलासा केला आहे. जाहीर सभा, जाहीर सूचना. जाहिरदारीत मात्र मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरेच, म्हणून हा शब्द दोषाचाच मानला जातो.

दोष आहेच. हजरत युसूफ अलैहिस्सलाम यांना विहिरीत टाकून त्यांचे भाऊ रात्री वडिलांकडे रडत आले, ही हकीकत कुरआनात आहे. ती आसवे बापाला फसवण्यासाठी होती. (मयतीच्या घरी दारापर्यंत गप्पा मारीत येऊन उंबऱ्यात गळा काढणारे आपल्यातही आहेत, त्यांच्याविषयी न बोललेले बरे.)

पण नसलेले दुःख दाखवणे आणि असलेले लपवणे, दोन्हींना एकच शब्द लावायचा का? याचा दाखला आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यातच आहे. ऑगस्ट १९४२ पासून मौलाना अबुल कलाम आझाद तेथे कैदेत होते. १९४३ मध्ये तिकडे कलकत्त्यात त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम अत्यवस्थ झाल्या. सरकारला काही विनंती करायची असेल तर कळवतो, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले. मौलानांनी नकार दिला. वर्तमानपत्र यायची वेळ झाली की काळीज धडधडे, पण लिहिण्यात गढून गेल्यासारखे ते बसून राहत आणि अंक टेबलावर ठेवायची नुसती खूण करीत. ९ एप्रिलला बेगम गेल्या. दोन दिवसांनी लिहिलेले पत्र 'गुबारे खातिर'मध्ये आहे. त्यात मौलाना स्वतःच या वागण्याला जाहिरदारी म्हणतात. आपल्या धीरावर डाग पडू नये म्हणून अभिमानाने वठवलेला तो देखावा होता, हे कबूल करतात.

दुसरे कोणी त्याला सब्र म्हटले असते. मौलानांनी ती सवलत घेतली नाही, हे आम्हांला मोठे वाटते. तरी कैद करणाऱ्यापुढे डोळे कोरडे ठेवण्याचा हक्क त्यांना होताच. त्यात कोणाची फसवणूक नव्हती.

पुत्र इब्राहीम यांच्या अखेरच्या क्षणी पैगंबरांचे (स.) डोळे वाहिले, असे हदीसमध्ये आहे. म्हणजे सब्र करणाऱ्यालाही रडू येते. मग बाप गेल्यावर चौथ्या दिवशी वर्गात आलेल्या मुलाला 'मर्द असून रडतोस?' म्हणताना आपण त्याला सब्र शिकवतो की जाहिरदारी? अशा मुलाला आम्ही मागच्या बाकावर बसू देतो. त्या दिवशी त्याला फळ्यापाशी बोलावत नाही.