हरल्यावर आधी पाठीवर हात
॥ श्री गुरुदेव दत्त ॥
रविवारी देपालपूरला आपल्या बालसंस्कारच्या मुलांचा सॉफ्टबॉलचा सामना होता. शेवटच्या डावात आमचेच हात कापत होते. मुलं हरली. परतताना आम्ही सगळ्या गप्प. तेव्हा एक चिमुरडा म्हणाला, "ताई, रागावलात का?" तिथेच चूक कळली. मुखी नाम, पण मन निकालात!

चंद्रकांत पंडितांचं बघा. १९९९ साली बंगळुरूत मध्य प्रदेशचे कर्णधार असताना रणजीची अंतिम लढत हरले. २०२२ साली त्याच मैदानावर प्रशिक्षक म्हणून जिंकले. मधली २३ वर्षं क्रिकेट सोडलं नाही.

आपणही सामन्याआधी अकरा वेळा नाम घेऊ. हरलो तर आधी मुलाच्या पाठीवर हात ठेवू. सराव आपला, फळ सद्गुरूचरणी.
॥ श्री गुरुदेव दत्त ॥